छातीवरचं फिडल

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा पहिले चार महिने मी सासऱ्यांवर मनातल्या मनात धुसफुसत काढले. कारण अगदी साधं होतं. रोज सकाळी मी त्यांच्या मागे उभी राहून विचारायची, "आबा, चहा ठेवू?" आणि आबा ढिम्म. ओट्यावर बसून गल्लीकडे बघत राहायचे. पुन्हा विचारलं तरी तेच. मग आतून सासूबाई ओरडायच्या, "ठेव ना माय चहा!" मी चहा ठेवायची आणि आबा तो मुकाट पिऊन टाकायचे. माझ्या माहेरी कुत्र्याला भाकरी टाकली तरी ते शेपूट हलवतं, असं माझ्या मनात यायचं. आणि सासऱ्यांबद्दल असलं मनात आलं म्हणून मी आत जाऊन कान पकडायची.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आबा कमी बोलतात." साफ खोटं! खात्यातला, म्हणजे लूमच्या कारखान्यातला, जुना दोस्त ओट्यावर आला की आबा गल्ली दणाणून टाकायचे. सासूबाईंशी तर दिवसातून तीनदा त्यांचं वाजायचं. न बोलणं होतं ते फक्त माझ्याशीच. मी त्यांना पसंत नाही, लग्न बाकीच्यांनी ठरवलं असणार, असं मी पक्कं धरून चालले होते.

आमचं घर गोडादऱ्यात होतं. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, आणि तिच्यापुढे हातभर गच्ची. गल्लीत सगळे आमच्याकडचेच, कुणी धुळ्याकडचं, कुणी अमळनेरकडचं, आणि घरटी एक-दोन माणसं लूमच्या खात्यात. आबांनी तीस वर्षं लूम चालवले होते. आता नवरा चालवत होता. लूमवाल्यांच्या घरात हळू कुणी बोलतच नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मीठ मागायचं तरी घराला आग लागल्यासारखं मागतात. खात्यातल्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून अर्धं बोलणं ओठांनी आणि अर्धं हातांनी करायची सवय लागते, ती घरीही सुटत नाही. दोन महिन्यांत मीही ती हातांची भाषा शिकले. पंजा उघडून मिटला की पाच मिनिटं थांब. मानेवरून अंगठा फिरवला की लाइट गेली. अंगठा आणि बोट जुळवून वर ओढलं की बारीक सूत लागलंय, जपून. नवरा गल्लीच्या तोंडातून हात करायचा आणि मी तव्यावर भाकरी टाकायची.

मी मात्र तापीकाठच्या लहान गावातली, आवाज मुळातच बारीक. त्यात सासऱ्यांसमोर आमच्यात तोंडावर पदर. डोक्यावरून पुढे ओढायचा, टोक ओठांवर धरायचं आणि मान खाली. जे काय बोलायचं ते त्या कापडातून. जाड आवाजात बोलणारी सून म्हणजे आमच्याकडे थट्टेचा विषय. आईने निघताना बजावलं होतं, "तोंड दिसू देऊ नको आणि आवाज चढवू नको." मी दोन्ही मन लावून पाळत होते.

तसे आबा माझ्याशी एकदा बोलले होते, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं. आबांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "मायेरथून काय लई वनी?"

माहेरून काय आणलंस, असं विचारत होते. पाच भांडी, दोन गोधड्या, एक शिलाई मशीन, असं मनात जुळवत होते तेवढ्यात आबा हसले. "भांडा नको सांगू. गानं कोनतं लई वनी?"

मी लाजून नुसती मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "आते नको. कानबाईले म्हनी ती." आणि मला त्या घराची रीत समजली.

कानबाई श्रावणात येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवतात, नारळाला नथ, डोळे, साडी, सगळं. भाऊबंद असतील तिथून गोळा होतात, मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, नाचत तापीत बोळवायची. हे सगळ्या खानदेशात आहे. पण आमच्या घरात एक जास्तीची रीत होती. सोमवारी कानबाई उचलायच्या आधी त्या वर्षी आलेल्या नव्या सुनेने माहेरचं एक गाणं म्हणायचं. आबांनी ते एकदाच ऐकायचं आणि लगेच फिडलवर वाजवून दाखवायचं. सुनेने टाकायचं, आबांनी झेलायचं. झेललं की ती चाल घराची झाली. मग त्याच चालीवर कानबाई उठायची.

फिडल म्हणजे व्हायोलिन. पण आबांसमोर व्हायोलिन म्हटलेलं चालायचं नाही. व्हायोलिन म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी ऑर्केस्ट्रावाला. त्यांनी ते लहानपणी गावाकडे एका म्हाताऱ्याकडून उचललं होतं. तो म्हातारा तमाशाच्या फडात वाजवायचा, आणि फड बंद पडल्यावर गावच्या पारावर. त्याने आबांना ना सूर सांगितले ना ताल. "मन्हा हात देख," एवढंच सांगितलं, आणि आबांनी चार वर्षं त्याचा हात पाहिला. सा रे ग म आबांना शेवटपर्यंत येत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, ते पेटीवाल्यांचं काम.

म्हाताऱ्यासारखंच ते फिडल छातीवर धरायचे. मांडी घालून बसायचे, फिडलचं बूड डाव्या छातीला टेकवायचे आणि मान खाली गुडघ्याकडे सोडायचे. गज मधोमध पकडून इंचा-इंचाने ओढायचे, लांब ओढणं त्यांना माहीतच नव्हतं. एका तारेवर गाणं चालायचं आणि शेजारची तार आपोआप गुणगुणत राहायची. बाई गाताना जिथे श्वास घेते तिथे त्यांचा गज थांबायचा. ती जिथे आवंढा गिळते तिथे बोटाने ते तारेवर एक छोटीशी उचकी द्यायचे. उजव्या पायाची टाच सारखी जमिनीवर आपटायची, त्यामुळे त्यांच्या बसायच्या जागी शहाबादी फरशी हलायला लागली होती. एकच चाल दोनदा सारखी कधी वाजवली नाही. सासूबाई म्हणायच्या, "काल असं नव्हतं वाजाडं." आबा म्हणायचे, "काल तू बी अशी नव्हती."

हनुवटीखाली वाजवणाऱ्यांची ते फार टिंगल करायचे. टीव्हीवर कुणी तसा दिसला की म्हणायचे, "देखा, उशी लईसन झोपना!"

त्यांच्याजवळ चाळीस-पन्नास चाली होत्या आणि त्यांची नावं बायांवरून पडलेली. धुळेवालीनी, म्हणजे धुळेवालीची. मोठी नथवालीनी. एक होती रडीनी, कारण त्या सुनेने गाताना माहेर आठवून भोकाड पसरलं होतं आणि आबांनी रडण्यासकट ते झेललं होतं. ती सून आता दोन मुलांची आई होती, चांगली धिप्पाड. चाल वाजली की अजून पदरात तोंड लपवायची. सासूबाईंची चाल सगळ्यात जुनी. तिला आबा 'पहिली' म्हणायचे. रविवारी दुपारी ढोलकीवाला आणि थाळीवाला दोस्त आले की बैठक बसायची आणि सुरुवात पहिलीनेच व्हायची. सासूबाई तेव्हा मुद्दाम भांडी घासायला काढायच्या.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. रविवारच्या बैठकीला येणारे सगळे म्हणायचे, आबांचा हात आता मुरला. पूर्वी चाल वरवर पळायची, आता खालच्या जाड तारांवरच खेळते. आबा हसून मान डोलवायचे. मला गाण्यातलं तेवढं कळत नव्हतं. शिवाय मी रुसलेली होते.

आषाढ संपत आला तशी कानबाईची बोलणी सुरू झाली, आणि बारडोलीहून माझे चुलत दीर आले. हे उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर, अंगाने दांडगे, आवाज ट्रकच्या भोंग्याला लाजवणारा. चलथाणला कारखान्यावर त्यांनी कुठल्याशा मिरवणुकीत बेंजो पार्टी ऐकली होती. दोन भोंगे, हातगाडीवर जनरेटर, बेंजोवर तुफान गाणी. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"आबा, फिडल आते कोन ऐकस?" ते म्हणाले. "जमानो बदली गयो. बेंजो लाऊ, पोरं नाचतीन."

बाकीच्या भाऊबंदांच्या माना हलल्या. खरं तर भोंग्यापुढे फिडल म्हणजे ढोलापुढे चिपळी. आबांनी गजाला राळ घासली. मग म्हणाले, "जोवर नवी सूननं गानं माले झेलता येस, तोवर कानबाई मन्हा फिडलवर उठी. ज्या दिन झेलता वनं नही, त्या दिन लाया तुम्हना बेंजो. मी फिडल खुंटीले टांगी दिसू."

"ह्या साल बी?"

"ह्या साल बी."

चुलत दिरांनी माझ्याकडे पाहिलं. ह्या सालची नवी सून मी होते.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पावसाने उघडीप दिली, तेव्हा भर दुपारी मी वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेले. पत्र्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, फटीतून फिडलचा आवाज येत होता. मी डोकावले आणि जागच्या जागी थिजले. आबांनी फिडल हनुवटीखाली धरलं होतं! जबडा त्यावर घट्ट दाबलेला, डोळे मिटलेले. माझी सावली दारात पडली तसं त्यांनी डोळे उघडले आणि फिडल झटकन छातीवर आणलं. चोरून विडी ओढताना सापडलेल्या माणसाचं जसं तोंड होतं तसं त्यांचं झालं होतं. मी कपडे न घेताच खाली पळाले. पोट धरून हसले, कुणाला सांगितलं मात्र नाही. दुसऱ्यांना नावं ठेवणारे आबा स्वतःच उशी घेऊन झोपले होते, आणि चार महिन्यांच्या रागावर मला ही चांगली फुंकर मिळाली होती.

हसू मावळलं ते कानबाईच्या आदल्या शनिवारी. सासूबाई रोटांचे गहू दळायला चक्कीवर गेल्या. त्या पिठाला दुसरं पीठ लागू द्यायचं नसतं, म्हणून चक्की आधी धुऊन घ्यावी लागते, वेळ लागतो. जाताना त्यांनी कुकर चढवला आणि आबांच्या तोंडासमोर तीन बोटं नाचवून सांगितलं, "तीन शिट्ट्या झाया का बंद करा." आबांनी मान हलवली. मी वरच्या खोलीत चुना देत होते.

शिट्ट्या मी वरून मोजल्या. तीन झाल्या, पाच झाल्या. आबा विसरले असतील म्हणून मी हात धुवायला गेले. आठ झाल्या तशी धावतच खाली आले. कुकर किंचाळत होता, डाळीचा करपल्याचा वास सुटला होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर आबा पाटावर बसून शांतपणे गज पुसत होते. तोंडावर काळजीची रेघ नाही. मी गॅस बंद केला. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झाया का तीन?"

तेवढ्यात बाहेर गल्लीच्या टोकाला रद्दीवाल्याने आपल्या घोगऱ्या आवाजात हाळी दिली, "पस्तीऽऽ!" आबा लगेच म्हणाले, "पस्तीवाला वना. पेपर काढ."

मी तशीच उभी राहिले. कानाशी किंचाळणारा कुकर ऐकू येत नाही आणि गल्लीच्या टोकाचा रद्दीवाला येतो?

मी रद्दी द्यायला गेलेच नाही. त्यांच्या पाठीमागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आबा, चहा ठेवू?" काही नाही. मग छाती भरून श्वास घेतला आणि पोटातून, पुरुषासारखा जाडजूड आवाज काढून म्हटलं, "आबा! चहा!"

आबा ताडकन वळले. "कोन शे?" त्यांनी माझ्या मागे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बाप्या माणूस कुठेच नव्हता. घरात मी एकटीच, तोंडावर पदर घेऊन उभी.

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. चार महिने हा माणूस माझ्यावर रागावलेला नव्हताच. तीस वर्षांच्या लूमने त्यांच्या कानातला बारीक आवाज खाऊन टाकला होता. सासूबाई तोंडासमोर येऊन ओरडायच्या, दोस्त हातवारे करायचे, ओठ दिसायचे, म्हणून त्यांचं निभत होतं. ज्या घरात सगळेच ओरडून आणि हाताने बोलतात तिथे एकाचं ऐकणं कमी झालं तर कळणार कुणाला? एकटी मी हळू बोलणारी, आणि माझं तोंड कापडाआड.

त्यांच्या मांडीवर फिडल होतं. मी वाकून पाहिलं. जाड तारा घासून चकचकीत होत्या आणि सगळ्यात बारीक तारेवर तांबूस गंज चढला होता. सासूबाईंनीच मला सांगितलं होतं, पूर्वी आबा महिन्याला ती तार तोडायचे, तिच्यासाठी चौक बाजारात सारख्या खेपा व्हायच्या. मी त्या गंजावर बोट ठेवलं. मग माझ्या कानाला हात लावला.

आबांनी मान खाली घातली. मग हाताने मला खाली बसायला सांगितलं. "दोन वरीस झाया," ते म्हणाले. "जाडं ऐकू येस. बारीक सम्दं गयं. तुन्ही सासूले बी माहीत नही." मग फिडल उचलून त्यांनी जबड्याला लावून दाखवलं. "असं धरं तर हाडमा थोडं थोडं येस. पन असं मी वाजाडसू का चार लोकेस्ना समोर? गुरू वरथून थुंकी मन्हावर."

मी हाताने गळ्याकडे, मग त्यांच्याकडे खूण केली. माझं गाणं आत्ताच म्हणून दाखवू का? जाड आवाजात, दहा वेळा म्हणते. ते चटकन समजले आणि चिडले. "चोरी? माहीत शे ते गानं झेलनं म्हनतस का कोनी?" मग आवाज उतरवून म्हणाले, "कोनले सांगू नको, पोरी. कानबाई व्हऊ दे. झेलाई गयं तर झेलाई गयं, नही तर बेंजो."

त्यांनी मला पहिल्यांदा पोरी म्हटलं. करपलेल्या डाळीचा आळ मी संध्याकाळी स्वतःवर घेतला आणि सासूबाईंची यथेच्छ बोलणी खाल्ली.

रविवारी कानबाई बसली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. रोट, खीर, आमटी, आणि सगळ्यांची एकमेकांवर ओरडाओरड. माझं मात्र कशात लक्ष नव्हतं. मी आणलेलं गाणं माझ्या मावशीचं होतं आणि ते असं:

तापीना काठवर बापना मया,
बापना मयामा केयीना घड,
अन् मोर वरडना वं, मोर वरडना...

पहिल्या दोन ओळी, बापाचा मळा आणि केळीचे घड, जमिनीवरून चालतात, त्या मी पाहिजे तितक्या जाड आवाजात म्हणू शकत होते. पण मोर वर उडी मारतो. मावशी म्हणायची, ह्या ओळीला गळा दुखला नाही तर मोर ओरडलाच नाही. बाकी गाणं कितीही खाली ओढलं तरी मोर बारीकच निघणार. दुसरं गाणं निवडावं तर सासूबाईंनी हे आधीच चार जणींना सांगून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी सगळे जमले. चुलत दिरांनी कुणाला न विचारता बेंजो पार्टी आणलीच होती. ती बाहेर गल्लीत हातगाडीजवळ चहा पीत बसली होती, भोंगे बांधून तयार. आत कानबाईसमोर आबा मांडी घालून बसले, फिडल छातीवर. त्यांच्यासमोर मी, हातभर पदर ओढून.

मी घसा खाकरला आणि जितका जाड निघेल तितका आवाज काढून सुरू केलं, "तापीना काठवर बापना मया..."

खोलीभर हशा पिकला. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. कुणीतरी म्हणालं, "सून शे का हवालदार?" सासूबाईंनी मागून असा चिमटा काढला की दुसऱ्या ओळीत तो ऐकू आला असेल. मी कानशिलांपर्यंत तापले, पण आवाज तसूभर बारीक केला नाही. समोर आबांची टाच हलायला लागली होती. ते झेलत होते! माझ्या ओळीपाठोपाठ गज जाड तारांवर चालला, माझ्या श्वासाला थांबला, आणि हसणारे एकेक करून गप्प झाले.

मग मोर आला. मी त्याला खाली दाबायचा प्रयत्न केला, पण तो दबेल तर मोर कसला. आवाज वर गेला तसा आबांचा गज थांबला. टाच थांबली. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना दिसत होता फक्त पदर. मी ओळ पुन्हा म्हटली. गज हललाच नाही. मागे कुजबुज सुरू झाली. चुलत दीर दाराकडे सरकले आणि बाहेर बघून त्यांनी हात वर केला, तयार राहा म्हणून.

त्या क्षणी मी विचार केला असता तर ते केलं नसतं. मी पदर मागे टाकला. तोंडावरूनच नाही, पार खांद्यावर. भर भाऊबंदांत, सासऱ्यांसमोर. कुणीतरी "अगं माय!" म्हणालं. मी आबांच्या डोळ्यांत बघून तोंड उघडं टाकून मोराची ओळ पुन्हा म्हटली, आणि अंगठा-बोट जुळवून हात वर ओढला, पार डोक्याच्या वर. बारीक सूत. जपून.

आबांचे डोळे चमकले. त्यांनी फिडल छातीवरून उचललं. एकदा कानबाईकडे पाहिलं, मला वाटतं त्या म्हाताऱ्या गुरूची माफी मागितली असावी. आणि मग, आयुष्यभर ज्यांना नावं ठेवली त्यांच्यासारखं, सगळ्यांसमोर ते जबड्याखाली दाबलं. डोळे मिटले. गज गंजलेल्या तारेवर ठेवला. आधी नुसती खरखर झाली, बाया दचकल्या. पुन्हा ओढला. माझा हात वर होता, तो मी आणखी वर नेला, ते डोळे किलकिले करून बघत होते. तिसऱ्यांदा मोर ओरडला. मावशीच्या आवाजात ओरडायचा तसा, गळा दुखवून ओरडला.

मी बाकीचं गाणं म्हटलंच नाही, रडत होते. ते त्यांनी एकट्यांनी वाजवलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा वेगळं.

वाजवणं संपल्यावर आबांनी फिडल खाली ठेवलं आणि स्वतःच बोलले. "माले बारीक आवाज ऐकू येस नही. दोन वरीस झाया. हाई गानं मी अर्धं कानघाई झेलं, अर्धं सूननी हातमा दिधं. म्हनीसन मी हारनू. लाया बेंजो."

सासूबाई त्यांच्या पुढ्यात येऊन बसल्या. "दोन वरीस?" त्या म्हणाल्या. "मंग दोन वरीस मी जे जे बोलनू, ते सम्दं फुकट गयं?" आबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "नही ना," ते म्हणाले. "तुनं जाडं शे." आणि एवढा वेळ दाबून धरलेला हशा घरभर फुटला, त्यात सासूबाईंचाही होता.

चुलत दीर तसे मनाने वाईट नव्हते. ते बाहेर गेले, हातगाडीवाल्यांशी काहीतरी बोलले आणि आले. कानबाई उठली ती फिडलवर, माझ्या चालीवर. बेंजो गल्लीच्या तोंडापासून मागे लागला, आणि तापीपर्यंत पोरं नाचली ती अर्थात बेंजोवरच. आबा त्यांच्यात टाच आपटत चालले होते. बेंजो त्यांना ठणठणीत ऐकू येत होता. मला म्हणाले, "वाईट नही वाजाडतस!"

त्या चालीला पुढे 'मोरवालीनी' म्हणायला लागले. ती आबा कायम जबड्याखालीच वाजवायचे, बाकी सगळ्या छातीवर.

पण मला आठवतो तो दुसरा दिवस, मंगळवार. पाहुणे गेले होते. आबा ओट्यावर बसले होते. मी सवयीने पदर ओठांवर घेऊन गेले, तर त्यांनी हाताने खूण केली, काढ. "तोंडवरना पदर काढ, पोरी. तुनं बोलनं माले कानघाई नही, डोयाघाई समजस." आत सासूबाईंनी हे ऐकलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ त्या घरात एकच होत असे, परवानगी. मी पदर डोक्यावर ठेवला, तोंड मोकळं केलं आणि त्यांच्या समोर जाऊन माझ्या नेहमीच्या बारीक आवाजात विचारलं, "आबा, चहा ठेवू?"

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं.

"ठेव ना. अर्धा कप," ते म्हणाले, आणि मग जरा हिरमुसून, "चार महिना झायात, तू एक दिन बी इचारं नही. माले वाटे, सूनबाई मन्हावर रागे शे."